सरांचा खेकड्यांवरचा पेपर

मंगळवार, संध्याकाळी सात

आज प्राणिशास्त्राच्या सरांची मुलगी विठ्ठलवाडीहून लायब्ररीत आलेली. तिला तिच्या थिसिसच्या संदर्भसूचीत वडिलांचा पेपर घालायचाय, कोपरीच्या खाडीतल्या खेकड्यांवरचा. सरांचा तो एकच पेपर, आमच्याच कॉलेजच्या ऑनलाइन जर्नलमध्ये छापलेला.

"काकू, लिंकवर क्लिक केलं की रमी उघडतेय."

मीही क्लिक केलं. पत्ते आणि हसणारी बाई. जर्नल बंद पडल्यावर साइटचं नाव भलत्याच कुणीतरी उचललंय.

पेपर छापून आला तेव्हा, जर्नलचं काम माझ्याकडे म्हणून, सर स्वतः विचारायला आलेले. "मॅडम, याला डीओआय नंबर घ्याल का? साइट हलली तरी त्या नंबरावरून पेपर सापडतो म्हणे."

मी काय म्हटलं? "सर, लिंक आहे ना, ती कुठे पळून जातेय?" वर हसलेसुद्धा. अर्ज भरायचा कंटाळा, दुसरं काही नाही. या वहीत तरी खोटं कशाला लिहू?

पुढे सर वारले. त्यांचा कॉम्प्युटर घरच्यांनी भंगारात दिला. माझ्याकडेही कॉपी नाही. म्हणे ग्रंथपाल!

मुलीला यातलं काही सांगितलं नाही. डोळ्यांसमोर ती रमीवाली बाई.

"गाइड म्हणतात, उघडत नसेल तर काढून टाक. काढू का काकू?"

"काढ."

तिने माझ्यासमोरच ती ओळ पुसली. खालच्या सगळ्या संदर्भांचे नंबर आपोआप एकेकाने वर सरकले. सरांची जागा रिकामीसुद्धा राहिली नाही.