टॅक्सीचं तेच इंजिन

बाबा,

आपल्या घरात वाचता मला एकटीलाच येतं, म्हणून तर हे लिहायचा धीर झाला.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आत्याकडे जाताना तुम्ही बजावलंत, "टॅक्सीचं इंजिन संपलंय. स्वस्तातलं सेकंडहँड टाक आणि मोकळी हो. उगाच कीस पाडत बसू नकोस."

मी कीस पाडलाच. भंगारवाल्याला म्हटलं, इंजिन आधी उघडून दाखवा. तो म्हणाला, "ताई, कलिंगड आहे का कापून बघायला?" मग आपल्या मेकॅनिककाकांना म्हटलं, निदान आपलं तरी उघडा. त्यांनी उघडलं, सिलिंडर मापले आणि हसायला लागले. "अगं, नुसत्या रिंगा आणि बेअरिंग गेलीत. बाकी लोखंड तुझ्या बापासारखंच आहे, हटायचं नाही."

खर्च सेकंडहँडपेक्षा कमीच होता. मी हो म्हटलं आणि चार दिवस मला जेवण गेलं नाही. या गाडीवर आपलं घर चालतं. चुकलं असतं तर तुम्हाला तोंड कसं दाखवलं असतं?

आज पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं! मी गॅरेजात चक्क नाचले. मग तुम्हाला फोन लावून तो बॉनेटजवळ धरला. तुम्ही बराच वेळ ऐकत राहिलात आणि म्हणालात, "बघ, माझं ऐकलंस म्हणून! काय इंजिन मिळालंय! त्या जुन्या डबड्याला हा आवाज सात जन्मांत जमला नसता."

"हो ना, बाबा," मी म्हटलं. काका पाठ फिरवून हसत होते.

तुमची, आज्ञाधारक म्हणवून घेणारी
लेक