हातमोजे

२ मे
आलो एकदाच्या मायलेकी. बागेच्या फाटकालगतची खोली आम्हाला मिळाली. एक खिडकी, एक नळ, आणि खिडकीबाहेर अख्खी बाग फुकटात. ठकीनं सामान उघडायच्या आत तळ्यापर्यंत धाव ठोकली. सहा वर्षांची माझी लेक. मागच्या वर्षी पायऱ्यांवरून गडगडली, कोपरावर टाक्यांची खूण आहे, तरी पळायची हौस फिटत नाही. उन्हाळाभर सकाळी मुलांचा मोफत निसर्गवर्ग घ्यायचा, आणि वर पगार. माझ्यासारख्या बडबडीला आणखी काय हवं?

४ मे
पहिला वर्ग. एवढ्या उन्हात सगळी मुलं हातमोजे घालून आली. कुणाचे लोकरीचे, कुणाचे बापाचे ढगळ. मी थट्टा केली, पण एकही हसलं नाही. पालक फाटकाशी हाताची घडी घालून उभे, जणू मी त्यांची पोरं पळवणार आहे. नमस्कार केला तर माना फिरवल्या. माळीबुवा म्हणाले, तोंडानं काय हवं ते शिकवा बाई, पण झाडांना हात लावायला सांगू नका. मग कोरड्यात पोहायलाही शिकवते, असं मी त्यांना ऐकवलं.

७ मे
आज झाड ओळखायचा खेळ घेतला. डोळे बांधून मुलाला झाडापाशी न्यायचं, सालीवरून हात फिरवू द्यायचा, मग लांब आणून पट्टी सोडायची आणि आपलं झाड शोधायला लावायचं. हातमोजे काढा म्हटल्यावर मुलं रडायलाच लागली. एकीनं माझ्या हाताचा चावा घेतला. माझं डोकं फिरलं. काही होत नाही, हे दाखवायला मी ठकीचेच डोळे बांधले आणि तिला तळ्याकाठच्या मोठ्या झाडापाशी नेलं. तिनं त्याला घट्ट मिठी मारली. पट्टी सोडताच बरोबर त्याच झाडाकडे धावली. फाटकाशी उभे पालक पहिल्यांदाच हसले. मला वाटलं, जिंकलं.

८ मे
आज एकाच्याही हातात मोजे नव्हते. सगळी झाडांवर चढत होती. किराणावाल्याची बायको टोपलीभर फळं देऊन गेली. एवढा बदल कसा, विचारलं, तर म्हणाली, यंदापुरतं झालं ना आता. पुढचं विचारेपर्यंत पाठ फिरवून गेली.

९ मे
ठकी जेवत नाही. नुसतं पाणी मागते. तळवे खरखरीत झालेत, तेल चोळूनही तसेच. म्हणते, त्या झाडानंही मला ओळखलं आई, आता शोधायची पाळी त्याची आहे. मला भीती वाटते. उद्या निघायचं.

१० मे
फाटकाला बाहेरून कुलूप. पालक पलीकडे उभे. मी हातापाया पडले. माळीबुवा खाली बघत म्हणाले, दर वर्षी लेकरू असलेली बाई बाहेरून बोलावतो. आमचीही लेकरंच आहेत ना. ठकीला पोटाशी धरून बसलेय — दाराला कडी, खिडकीला कपाट —

११ मे
डोळा लागला माझा. उठले तर अंथरूण रिकामं. कपाट सरकलेलं. तळ्याकडे पळाले — मोठ्या झाडाच्या शेजारी एक नवं. ठकीएवढं. डोळे मिटून हात फिरवला — कोपराशी टाक्यांची खूण —

मोकळ्या हातांनीच मिठी मारली. मुद्दाम. पोरीला एकटं कसं सोडू?

डावा हात सुटत नाही. उजव्यानं लिहितेय. भूक नाही. नुसतं पाणी — कुणी थोडं पा