अर्धं दाबलेलं बटण

४ जाने., रवि.
पुण्याच्या शाळेतून फोन. चित्रकला शिकवायला या म्हणतात. शुक्रवारी सकाळी विचारतील, हो की नाही. बडोद्यात, अकोट्याच्या या दोन खोल्यांत बाबांच्या डोळ्यांपायी अडकून पडलेय. दादा बंगलोरहून : "तुझं तू ठरव. पण मग बाबांचं काय?" म्हणजे ठरवून झालंच.

५, सोम.
बाबांना मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माझ्याकडे बघायचं तर दाराकडे बघतात. आज हट्ट : "तो आंधळा कॅमेरा काढ." त्यांचा पहिला ऑटोफोकस, आपला आपण फोकस धरणारा, दादाच्या लग्नासाठी हौसेने घेतलेला. नवरानवरी शेजारीशेजारी; कॅमेऱ्याने नेमका मधल्या फटीतून मागचा पडदा धरला. पडद्याची जर लख्ख, दोघं धुरकट. वहिनी अजून टोमणे मारते. जन्मभर हाताने फोकस करणाऱ्या माणसाची पार शोभा झाली. तेव्हापासून माळ्यावर.

६, मंगळ.
फतेगंजला कॅमेऱ्याचा सेल मिळाला, रोलही. पण लेन्स गुर्रगुर्र पुढेमागे, थांबेचना. दुकानदार : "बेन, बगड्यो नथी. शोधे छे." बिघडला नाही म्हणे, शोधतोय.
बाबांना सांगितलं. हसले. "त्याला फक्त मधलं दिसतं, मला फक्त कडेचं. जमेल आमचं."

७, बुध.
बाबांनी शिकवणी घेतली. "चेहरा मधे घे. बटण अर्धं दाब. धरून ठेव. मग हवं तिकडे सरक. बोट उचललंस की फोकस गेला."
दिवसभर तेच डोक्यात. माझंही तसंच, ना धड दाबलेलं, ना सोडलेलं. भाजी करपली. बाबांवर उगाच ओरडले, मग मोरीत जाऊन रडले.

८, गुरु.
पुण्याचं सांगून टाकलं. बाबा : "जा की. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" असं म्हणत कप टेबलावर ठेवायला गेले, तो टेबलाच्या बाहेर. फुटला. मी काचा गोळा केल्या.

९, शुक्र.
सकाळी बाबा : "दारात उभी राहा. जायच्या आधीचा एक फोटो."
कॅमेरा डोळ्याला. मी सांगत होते, "डावीकडे घ्या बाबा. अजून थोडं. हं." गुर्रगुर्र थांबली. धरलं मला.
"दाबा आता पूर्ण."
"दाबतो."
बोट तसंच. दाबेनात, सोडेनात. खिशात फोन वाजायला लागला. पुण्याचाच असणार. हलले तर फोकस जाईल, म्हणून मी दारात तशीच उभी.