आखाजीची न भरलेली ओटी

माय, तू गेलीस त्याला किती आखाज्या झाल्या, मी मोजत नाही. अक्षर मला कधी आलं नाही, म्हणून मी बोलते अन् नात लिहिते. मध्येच थांबून हसते मेली. हसतेय तर हसू दे म्हटलं.

लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी जामनेरहून माहेरी आले होते. अंगणात पोरी झोक्यावर गातायत, तू चुलीवर खापर ठेवून मांडे भाजतेयस. मी बाही वर करून काळानिळा दंड दाखवला. तू पाहिलंस, मांडा उलटलास अन् म्हणालीस, "भांडाले भांडं लागसच, माय." शेजारीण म्हणाली, मारतो तोच जीव लावतो. सण सरला, न्यायला आलेल्यांना तू जेवू घातलंस, माझी ओटी भरलीस, अन् मी गेले. पुढं जन्मभर भांडीच घासली, म्हणून सांगते. भांड्याला भांडं लागलं तर पोचा दोन्हींना पडतो. तुझ्या जावयाला पडलेला मी कधी पाहिला नाही.

यंदा ही नात आखाजीला इथं मेहरूणला, माझ्या लेकाच्या घरी, तिच्या माहेरी आली, दंडावर तसंच निळं घेऊन. सुनेनं कणीक तिंबता तिंबता तेच भांड्याचं काढलं, जणू तू जाताना तिच्या पदरात बांधून गेलीस. गल्लीतल्या बाया म्हणाल्या, पोरीनं दम धरावा, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणजे तुम्हीच ना, मग आत्ताच म्हणून घ्या, चहा ठेवते.

सण झाला अन् हिचा सासरा दोन भाऊबंद घेऊन न्यायला आला. मांडे मीच भाजले, वर तूप वाढलं. पावणा उपाशी जाऊ नये, ही तुझीच शिकवण. हात धुऊन तो म्हणाला, "अक्का, ओटी भरा, निघतो आम्ही."

मी ओटीच्या ताटातला नारळ उचलून त्याच्याच हातावर ठेवला. म्हटलं, "हा घेऊन निघा. पोरगी राहील."

"अशानं संसार मोडतो, अक्का."

"मोडू द्या. पोरगी धड राहिली पाहिजे."

त्यानं माझ्या लेकाकडं पाहिलं. लेकानं माझ्याकडं पाहिलं, अन् उठून त्यांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

नात विचारते, हे पाठवायचं कुठं? तांदळाच्या डब्यात ठेव म्हटलं, ओटीचे तांदूळ तसेच आहेत. अन् एवढं लिही. त्या तिघांची मला भीती नव्हती, माय. चूल पाठीमागं होती, अन् वाटत होतं, तू तिथून म्हणशील, भर ओटी. म्हणून ते जाईस्तोवर मी मागं वळून पाहिलं नाही.