धरून ठेवजा

२१ जुलै १९९४, गुरुवार

पाणी काल उतरलं. आज घर उघडलं. उघडलं म्हणजे काय — दारच नाही.

बैठकीत गुडघाभर गाळ. वणा नदी आमच्या घरातून गेली आणि जाताना माझा अकरा वर्षांचा सेट घेऊन गेली. रेकॉर्ड प्लेअर गेला. दोन्ही स्पीकर गेले, डावा आणि उजवा. कमरेएवढे, सागवानी. पेट्या मागच्या गल्लीतल्या नत्थूजी सुताराने केल्या होत्या, एका जुन्या दाराच्या फळ्यांच्या. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा वाचला. मंगळवारी पाणी चढत होतं तेव्हा मी तो खांद्यावर घेऊन समोर अण्णाजींच्या माडीवर नेला. पण स्पीकरशिवाय तो नुसता डबा.

सुलोचना त्या दिवशी पिपरीला बहिणीकडे होती म्हणून बरं.

नत्थूजीचं खोपटं राहिलं नाही. तोही दिसत नाही. मदतीला आला होता, मग आपल्या घराकडे गेला.

२२ जुलै

दोनशे रेकॉर्डपैकी चौतीस सापडल्या. एकमेकींना चिकटलेल्या. सुलोचना म्हणाली, "फेका." फेकल्या नाहीत.

२३ जुलै

नदीकाठाने खाली तीन-चार कोस गेलो. भेटेल त्याला विचारलं, सागवानी पेट्या वाहत आल्या का? एक गुराखी माझ्याकडे बघत राहिला. "माणूस शोधून राह्यले का पेट्या?"

"दोन्ही," म्हणालो. तोवर माणसाचं कोणालाच विचारलं नव्हतं.

२४ जुलै, रविवार

आज भिंतीवरचा गाळ खरवडला. पाण्याची रेघ माझ्या छातीशी आहे. तिच्या वीतभर वर एक पंजा उमटलेला. अंगठा, तीन बोटं, आणि तर्जनी अर्धीच.

नत्थूजीची तर्जनी करवतीत गेली होती.

लहानपणीच्या तापात त्याचे कान गेले. तरी दर रविवारी सहाला यायचा, डाव्या पेटीवर पंजा ठेवून डोळे मिटून बसायचा. बोलणाऱ्याचे ओठ पाहून त्याला समजायचं. एकदा विचारलं, काय ऐकता? म्हणाला, "लाकूड बोलते."

सुलोचनाने पंजा पाहिला. "रेघेच्या वर कसा?"

म्हणालो, पाणी चढायच्या आधीचा असेल. आधी हाताला गाळ कुठून लागणार, हे तिने विचारलं नाही.

२६ जुलै

तलाठी नुकसान लिहायला आला. मी सेटचं एकेक सांगत होतो. त्याने विचारलं, "माणूस कोणी?" मी बोलायच्या आधी सुलोचना आतून म्हणाली, "नत्थूजी सुतार. लिहा."

२७ जुलै

भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. वाळला तसा पंजा वर आला.

२८ जुलै

तिसरा हात. अण्णाजी म्हणाले, "गाळाचा डाग असाच राह्यते, मधुकरराव." मग पाण्याची रेघ कशी झाकली गेली? ती तर त्याच गाळाची.

३० जुलै

खरं लिहितो. इथे तरी.

नत्थूजी घराकडे गेला नाही. पाणी मांडीला लागलं तेव्हा स्पीकर तरंगू लागले. दोघांनी मिळून ते दिवाणावर चढवले, भिंतीला लावून उभे केले. मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणालो, "धरून ठेवजा. मी आलोच." त्याने मान हलवली आणि दोन्ही पेट्यांना दोन हात घालून उभा राहिला. त्याचं खोपटं तोवर शाबूत होतं. त्याला त्याची हत्यारं काढायची होती. मी त्याला बोलावून आणलं होतं.

अ‍ॅम्प्लिफायर माडीवर ठेवून वळलो तर रस्त्यावर पुरुषभर पाणी. आमचं दार समोर दिसत होतं. मी हाका मारल्या. कितीतरी वेळ मारत राहिलो. त्याला ऐकू येत नाही हे ठाऊक असून.

अण्णाजी म्हणाले, "गेला असन निंघून." मी म्हणालो, "हो, गेला असन." तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगतो आहे.

३१ जुलै, रविवार

लाइट अजून आली नाही. सहा वाजता बैठकीत एकटाच होतो. पंजावर पंजा ठेवला.

भिंत थरथरत होती. आवाज नाही, नुसता खर्ज, तळहातातून कोपरापर्यंत. रेकॉर्डची एक बाजू संपायला लागतो तेवढा वेळ चाललं. थांबलं. रेकॉर्ड पालटायला लागतो तेवढा वेळ गेला. पुन्हा सुरू झालं.

सुलोचना दारात आली. "भिंतीले हात लावून काऊन उभे राह्यले?" मी तिचा हात धरून तिथे ठेवला. तिने लगेच ओढून घेतला.

"लागलं ना?"

"काई नाई लागलं," म्हणाली. पण हात पदराला पुसत राहिली.

२ ऑगस्ट

तिला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. जेवायला वाढलं. ती स्वतः जेवली नाही.

३ ऑगस्ट

सकाळी चूल पेटवता पेटवता म्हणाली, "त्याच्या मागं कोणी नाई. तेरवी आपुन करू."

हो म्हणालो.

४ ऑगस्ट

अण्णाजी म्हणाले, नागपूरला एकाकडे तसेच स्पीकर आहेत, बघता का? नको म्हणालो. अ‍ॅम्प्लिफायरही तिथेच राहू द्या म्हणालो. देवासमोर बसलो. सेट नको, गाणं नको, तेवढा माणूस परत येऊ दे. मनापासून म्हणालो. बैठकीत पाऊल टाकलं नाही.

५ ऑगस्ट

दुपारी खालच्या एका गावचा कोतवाल सायकलवर आला. दाराशी सुलोचनाशी बोलला आणि गेला. ती आत आली.

"सापडला," म्हणाली.

"डावा का उजवा?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"नत्थूजी," म्हणाली. "जिवंत हाय."