पहिल्या रांगेची प्रतिकारशक्ती

१२ फेब्रुवारी
शिनोलीला लेकीकडे. नात श्रेयाला गालगुंड. जावई म्हणाले, जवळ जाऊ नका. विषाणूला भिणारा तो वक्ता कसला! दोन्ही फुगलेल्या गालांचे पापे घेतले.

१३ फेब्रुवारी
पुतणी वृषाली घोडेगावात डॉक्टर. तिचा फोन. लहानपणी गालगुंड झालं होतं का? लस घेतलीय? दोन्हीला 'नाही', अभिमानानं. मग तिचंच भाषण: दोन-अडीच आठवडे बाहेर काही दिसत नाही, विषाणू आत गुपचूप वाढतो. शरीराला तो नवा, ओळखून नेमका मारा करायला पेशींना वेळ लागतो. सूज येण्याआधीच माणूस दुसऱ्यांना देतो. सभा टाळा.
अशक्य. २८ ला राजुरीच्या शाळेत विज्ञान दिन. पाच वर्षं तिथे नुसते आभार मानतोय. यंदा प्रमुख वक्ता! विषय: 'आपली रोगप्रतिकारशक्ती'.

१९ फेब्रुवारी
शिंकसुद्धा नाही. माझ्या पेशी माझ्याच वळणाच्या, वाचन दांडगं. शत्रू ओळखायला त्यांना आठवडे कशाला?

२४ फेब्रुवारी
बारावा दिवस. विजय जाहीर. वृषालीला मेसेज केला. उत्तर: 'काका, निदान मास्क लावा.' मास्क लावून क्रांती होत नाही.

२७ फेब्रुवारी
कणकण. चिंतनाचा ताण. बायको जानकाबाई म्हणाली, अवो, ऱ्हाऊ द्या की, गोरखभाऊ बोलतील. गोरख! दहा मिनिटांत संपणारा माणूस. आता तर जाणारच.

२८ फेब्रुवारी, सायंकाळ
दीड तास! माईक बंद पडला, तरी थांबलो नाही. पुढे सरकून, वाकून, पहिल्या रांगेला गदागदा हलवलं. आयोजक बाजीराव आणि मुख्याध्यापिका तेजस्विनीताई सारखे रुमालानं चेहरा पुसत होते. भारावले.

२ मार्च, सकाळ
डावा गाल सुजला. अक्कलदाढ असावी. साठाव्या वर्षीही येते म्हणे.

२ मार्च, दुपार
उजवीही आली.

४ मार्च
जबडा उघडेना. वृषाली म्हणाली, आता पेशी जोरात कामाला लागल्यात. कागदावर लिहून विचारलं, इतके दिवस काय करत होत्या? म्हणाली, काका, त्या आधी समजून घेतात, मग बोलतात. जानकाबाई तोंडाला पदर लावून हसत होती.

१८ मार्च
बाजीरावांचा फोन. शब्द कळेनात. त्यांचे दोन्ही गाल सुजलेत, ताईंचा एक. पहिली रांग आडवी. कसेबसे म्हणाले, राव, फुडच्या वर्षी गोरख बोलंल. मी मोठ्या मनानं म्हणालो, हरकत नाही, मी आभार मानीन.
म्हणाले, न्हाई भाऊ. आभारबी त्योच मानंल.