झाकण उघडू नये

१९ डिसेंबर, वेळअमावस्या

दोन चमचे आंबील! शिवांजलीच्या पोटात आज एवढंच गेलं. अख्खं उमरगा शेतात जेवायला गेलेलं. आम्हीही कडब्याच्या खोपीत पांडव पुजले. भज्जी, उंडे, खीर, सगळं होतं. पोरीनं पानाला हात लावला नाही.

सिंगापूरहून येऊन महिना झाला. आठ वर्षांची नोकरी सोडून आली. का सोडलीस? "कंटाळा आला, अप्पा." बॅगेत कपडे कमी आणि एक धोंड्यासारखं जड विजेचं भांडं. आतून चिनी मातीचं, वर काचेचं झाकण. कुणाचं म्हणून विचारलं, तर "शेजारी होता. वेई. त्याचं." पुढं काही नाही.

डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल. अकरा किलो वजन उतरलंय. हे कसलं नॉर्मल?

२१ डिसेंबर

मसालेभात केला. करपला. मीच खाल्ला.

२३ डिसेंबर

प्रेमाला जाऊन आज दोन वर्षं. तिच्या आवडीची गव्हाची गोड हुग्गी केली — म्हणजे शेजारच्या सिताबाईंनी केली, मी ढवळली. फोटोपुढं पान ठेवलं.

शिवांजली उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "त्या माणसाला जे आवडायचं तेच ठेवायचं असतं ना, अप्पा?" म्हटलं, हो. पोचतं की नाही देव जाणे, पण ठेवलं की आपल्या घशाखाली घास उतरतो. ती बराच वेळ आईच्या फोटोकडं बघत राहिली. हुग्गी मात्र खाल्ली नाही.

२४ डिसेंबर

रोज विचारतो, काय करू तुला? रोज "काही नको." आज म्हणाली, "त्या भांड्यात डुकराचे चॉप करतात. सोया सॉस घालून, दिवसभर मंद ठेवून. होईल का?"

शिवशिव! लिंगायताच्या घरात जन्मलो, गळ्यात लिंग बांधून सदुसष्ट वर्षं झाली. या घरात अंडं आलेलं नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका बघून घेणारी माणसं आम्ही! तीच म्हणाली, "जाऊ द्या. उगीच बोलले." आणि भिंतीकडं तोंड करून पडली.

ते भिंतीकडं वळणं बघवत नाही.

२५ डिसेंबर

भांड्यात घडी घातलेला कागद सापडला. कृती, इंग्रजीत. आलं, लसूण, सोया सॉस, व्हिनेगर, ब्राऊन शुगर (म्हणजे गूळ घालायला हरकत नसावी), चक्रीफूल. चक्रीफूल तर आपल्या काळ्या मसाल्यातलंच! इतकं बरं वाटलं, जणू परमुलखात गाववाला भेटला. खाली ठळक अक्षरात — "आठ तास. झाकण उघडू नये!!!" आणि एक हसरं डुक्कर काढलेलं. अक्षर शिवांजलीचं नाही. कुणाचं का असेना, माणूस हुकूमशहा दिसतोय.

सदतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवला. सिंगापूर डोळे झाकून दाखवीन. तिथं राहून आलेली लेक जेवत का नाही, ते कुठल्या नकाशात बघू?

२६ डिसेंबर

बंडप्पाला सांगितलं. शाळेपासूनचा दोस्त, जीप त्याच्याकडं. आधी पोट धरून हसला. "आरं गौरीशंकर, आदी अंडं तरी खाऊन बघ की! थेट डुक्करच?" मग माझ्याकडं बघितलं आणि हसायचा थांबला. म्हणाला, "सोलापूरला मिळतंय. उद्या जाऊ. माझ्या घरी बोलू नको फकस्त."

२७ डिसेंबर

दुकानदारानं विचारलं, हाडासकट देऊ का? मी म्हणालो, जसं तुम्ही तुमच्या मुलीला द्याल तसं द्या. बर्फाच्या डब्यात घालून आणलं. जळकोटला चहा प्यायला उतरलो, तर ओळखीचे दोघं भेटले. "डब्यात काय?" बंडप्पा — "म्हशीची औषधं."

२८ डिसेंबर

घरात नको म्हणून शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत भांडं लावलं. शेतीची लाईट या आठवड्यात दिवसाची, साडेआठ ते साडेचार. बरोबर आठ तास! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मांसाला हात लावताना लिंग काढून ठेवावं का? ते काढायचं नसतं. सदऱ्याच्या आत पाठीकडं सरकवलं. त्याला दिसू नये म्हणून! वेडेपणा, दुसरं काय.

आठ तास बाहेर बाजेवर राखण केली. झाकण उघडलं नाही. साडेचारला उघडलं — मांस गुलाबी, रस्सा गार. पाळी आजच बदललेली, लाईट आता रात्रीची. चाळीस वर्षं मोटार चालवतोय आणि आज विसरलो. बटणाकडं एकदा बघितलंसुद्धा नाही, नुसतं झाकण सांभाळत बसलो.

बांधाला खड्डा करून पुरलं. रडू आलं. डुकरासाठी रडणारा मी आमच्या समाजातला पहिलाच असेन.

२९ डिसेंबर

आज पाणीसुद्धा मागितलं नाही तिनं.

३१ डिसेंबर

एक फोन सारखा आठवतोय. तीन वर्षांपूर्वीचा. "अप्पा, एक सांगायचंय, रागावू नका." मी म्हणालो होतो, रागावण्यासारखं असेल तर सांगूच नको, तुझ्या आईला झेपत नाही. ती हसली. मग पावसापाण्याचं बोललो.

काय सांगायचं होतं? आता विचारायचं धाडस होत नाही.

बंडप्पा स्वतःहून परत सोलापूरला गेला. म्हणाला, "या टायमाला घरातच लाव. तुझ्याकडं इन्व्हर्टर हाय ना? मग कुणाला भितोस? वहिनी असत्या तर त्यांनीच लावलं असतं."

खरं आहे. प्रेमानं नाक दाबून का होईना, केलं असतं.

२ जानेवारी

पूजा आटोपली आणि स्वयंपाकघरातच भांडं लावलं. मीठ चाखणार कोण? सोया सॉस खारट असतो म्हणे, तेव्हा वेगळं घातलंच नाही. लिंग होतं तिथंच राहू दिलं. बघायचं तर बघू दे. बटणावरचा लाल दिवा दर दहा मिनिटांनी तपासला. झाकण उघडलं नाही.

दुपारपासून वास सुटला. आलं, गूळ, चक्रीफूल आणि खाली तो दुसरा. नाकाला उपरणं लावलं, पण खिडकी उघडली नाही. चारच्या सुमारास शिवांजली आपणहून खोलीबाहेर आली. भांड्याशी जमिनीवर बसली, काचेला हात लावून. डोळे वाहत होते, पण चेहरा महिन्याभरात पहिल्यांदा माणसासारखा.

आठ तास झाल्यावर तिनंच झाकण काढलं. ताटात भात, वर दोन चॉप, रस्सा. मला वाटलं, आता जेवेल. तिनं मोबाईल भिंतीला टेकवून उभा केला. त्यावर एक चष्मेवाला पोरगा हसत होता. ताट त्याच्यापुढं ठेवलं. हात जोडले.

मग दुसरं ताट घेतलं. वरण-भात. स्वतः जेवली. सगळा भात! मांस तिनं कधीच खाल्लं नव्हतं म्हणे. "तो करायचा, मी नाक मुरडायचे."

मी विचारलं, हा कोण? तेव्हा तिनं सांगितलं.

४ जानेवारी

वेई शेजारी नव्हता. जावई होता माझा, तीन वर्षं. सप्टेंबरात गेला.

फोटो मोठा करून आणला. प्रेमाच्या फोटोशेजारी खिळा ठोकायला घेतला, तर शिवांजली म्हणाली, "जरा खाली, अप्पा. सासूच्या बरोबरीनं बसायला लाजेल तो."

बरोबरीनंच ठोकला.